सोडा, मी धरतो!

काकांना दुसऱ्याच्या हातातली पिशवी बघवत नाही. “सोडा, मी धरतो!” हे वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी ती धरलेली असते, आणि मालकानं चटकन सोडली नाही तर बंद तुटतो. मग सांडलेले बटाटे गोळा करायलाही तेच पुढे. जिन्यात ते म्हाताऱ्यांना धरतात, चौकात शाळकरी पोरांना धरतात, लग्नात आंतरपाट धरतात. पालखीच्या मुक्कामात वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतात. एकदा एका वारकऱ्याला दिंडी गाठायची घाई होती. पण डावा पाय चेपून झाला होता आणि उजवा राहिला होता, म्हणून काकांनी त्याला उठू दिलं नाही.

त्यांना नाव आहे, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर वापरात आहे. बाकी सगळीकडे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी धरणं, कालवे, पाटचाऱ्या आणि पाणीपातळीच्या पट्ट्या बघण्यात गेली. ‘आपलं सगळं आयुष्य पाण्यात गेलं’ हा त्यांचा ठेवणीतला विनोद. तो केल्यावर ते स्वतःच इतके हसतात, की ऐकणाऱ्यावर वेगळी जबाबदारी राहत नाही. पोहता मात्र येत नाही. हे मला त्यांच्या अर्जावरून कळलं. दिव्यांगांसाठी पाण्यातले खेळ भरवणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेत स्वयंसेवकांचे अर्ज तपासायचं काम माझ्याकडे असतं. अर्जात एक रकाना आहे, ‘पोहता येतं का?’ लोक हो किंवा नाही लिहितात. काकांनी लिहिलं होतं, ‘वेळ पडल्यास.’ पुढचा रकाना विशेष कौशल्याचा. त्यात ‘गर्दी आवरणे, गाठी मारणे, शिट्टी.’

अशा कामाला येणाऱ्यांत काही फोटोसाठी येतात, काही खरंच कामासाठी येतात. फोटोवाले दहाच्या सुमारास निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास थोडा. काका तिसऱ्या जातीचे. आपण तिथं नसताना काहीतरी घडेल, या धास्तीनं ते येतात. आदल्या रात्रीच येतात. कमरेच्या पाऊचमध्ये सुतळी, सेफ्टी पिना, ओवा, इलेक्ट्रॉलची पाकिटं, मेणबत्ती आणि शाईचं पॅड असतं. गळ्यात शिट्टी. अंगात कुठल्या तरी जुन्या मॅरेथॉनचा टी-शर्ट, ज्यावर पाठीमागे ‘स्वयंसेवक’ एवढंच वाचता येतं. बाकीची अक्षरं धुण्यात गेली, ती मात्र टिकली.

आमच्याकडे त्यांना पहिलं काम मिळालं ते तलावावर. पूर्ण अंध पोहणाऱ्यांच्या शर्यतीत तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा राहतो. त्याला टॅपर म्हणतात. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ बोंड. पोहणारा भिंतीजवळ आला की त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टेकवायची, म्हणजे वळायचं किंवा हात लावायचा, हे त्याला कळतं. एका टोकाला एकच टेकणं, तेही नेमक्या क्षणी. एरवी गप्प उभं राहायचं. या ‘एरवी’नंच काकांचा घात केला. इतका चांगला पोहतोय आणि आपण नुसते उभे? त्यांनी वाकून, हात लांबवून, मुलगा आवाक्यात आल्याबरोबर शाबासकी म्हणून एक टेकवली. तो बिचारा भिंत आली म्हणून वळला आणि भलतीकडे निघाला. सराव होता म्हणून निभावलं. प्रशिक्षकांनी काठी काढून घेतली, तर काका म्हणाले, “पण पोहत छानच होता हो!”

पोहणाऱ्यांना बोलण्यानं हुरूप द्यायचा, ही त्यांची दुसरी सेवा. त्यासाठी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट. गोष्ट खरीच थोर आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा जवान, सैन्यातला मुष्टियोद्धा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, पुढे पोहायला लागला आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आला. वेळ ३७.३३ सेकंद. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. काकांना वर्ष, अंतर आणि सेकंद बिनचूक पाठ आहेत. वाढतात त्या फक्त गोळ्या. सकाळच्या पहिल्या पोहणाऱ्याला सांगताना ज्या मोजक्या असतात, त्या दुपारपर्यंत मशीनगनच्या होतात. अंध मुलींना ते नागपूरच्या कांचनमाला पांडेची गोष्ट सांगतात, २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा स्पर्धेत २०० मीटर मिडलेचं सुवर्ण, आणि सांगताना आवाज दुप्पट चढवतात. “काका, आम्हांला दिसत नाही, ऐकू येतं,” असं एकीनं सांगितलं. काकांनी हे त्याच आवाजात मान्य केलं.

आणि तिसरी खोड म्हणजे चौकशी. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, ते काकांना क्रमानं पाठ आहेत. समोर माणूस आला, की याचा क्रमांक कितवा, हे त्यांच्या डोळ्यांत चाललेलं दिसतं. मग खांद्यावर हात. “हे असं कधीपासून?” या प्रश्नाला सरावलेल्या मंडळींनी उत्तरं तयार ठेवली आहेत. पाय नसलेल्या एकानं ताडोबात वाघानं नेला म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं बायकोनं हुंड्यात मागून घेतला म्हटलं. काकांनी दोन्ही खरं मानलं. वाघाच्या बाबतीत वनखात्याकडून भरपाई मिळते, अर्ज मी लिहून देतो, अशी तयारीही दाखवली.

तर अशा काकांना आम्ही देवबागला नेलं. नेलं म्हणजे ते आधीच पोचले होते.

देवबाग ही मालवणजवळची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. समुद्राच्या बाजूला लाटा आणि जेट-स्कीचा गोंगाट, खाडीच्या बाजूला संथ पाणी. होडी शिकायला हीच बाजू. संस्थेची सगळी सूत्रं ताईंकडे. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत असतात; मणक्याला मार लागण्याआधी फिजिओथेरपिस्ट होत्या, नंतरही आहेत. सकाळी स्वयंसेवकांना गोलात उभं करून त्यांनी नियम सांगितले. खुर्ची हा त्या माणसाच्या शरीराचा भाग समजा, विचारल्याशिवाय हात लावू नका. बसवण्या-उठवण्याआधी ब्रेक. उचलताना ‘एक, दोन, तीन’ कोण म्हणणार हे आधी ठरवा. शक्यतो ज्याला उचलायचंय त्यानंच म्हणावं. उन्हात तापलेल्या होडीच्या बैठकीवर आधी पाणी ओता, कारण पायांत संवेदना नसेल तर कातडी भाजली तरी कळत नाही. खाली गादी घाला, नाहीतर जखमा होतात. काका डायरीत सगळं लिहून घेत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि ताईंची खुर्ची सावलीत ढकलली.

“काका, मी उन्हात मुद्दाम थांबले होते. सगळे दिसतात.”

“सोडा हो मॅडम, चटके बसतील.”

होड्यांना दोन्ही बाजूंनी तरंगते दांडे लावायचे होते, म्हणजे तोल जात नाही. परदेशी बनावटीचे महाग पडतात. पण खाडीकाठच्या होडीवाल्यानं त्यांचं चित्र बघून विचारलं, “ही आमची उलांडीच मां?” आणि तासाभरात बांबू आणि फायबरच्या फुग्यांची उलांडी बसवून दिली. कोकणातल्या होड्यांना ती पूर्वापार असते. पॅरा-कनूमध्ये उलांडीच्या होडीचीही शर्यत असते. ग्वाल्हेरच्या प्राची यादवनं २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यात रौप्य घेतलं आणि साध्या कयाकमध्ये सुवर्ण. हे मी होडीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरां झालां. आता बांबूचे पैशे कोण देतलो?”

हा होडीवाला मला पहिल्यापासून आवडला. माणसं होडीत चढवण्यात त्याचा जन्म गेलेला. म्हातारे, गरोदर बाया, प्यायलेले पर्यटक, सगळे. तो कुणाला धरायला जात नाही. होडी धरतो, आणि माणसाला विचारतो, “खंय धरू ता सांगा.” एवढंच. ताईंनी अर्धा तास समजावलं ते त्याला कुणी न सांगता येत होतं, आणि काकांना लिहून घेऊनही येत नव्हतं. काका त्याच्याशेजारीच उभे होते. एका गृहस्थांना उचलताना मोजायचं त्यांनी स्वतः, असं ठरलं. त्यांनी ‘दोन’ म्हणताच काकांनी उचललं. निम्मे गृहस्थ होडीत, निम्मे मोजतायत.

खरा प्रकार पुढेच झाला. कोल्हापूरची एक मुलगी, कमरेखाली आणि पोटाच्या स्नायूंत जोर नाही, पहिल्यांदाच होडीत बसत होती. तिच्या पाठीशी फोमचा टेका, अंगात लाइफ जॅकेट, सगळं ठीक. ताईंनी लांबून पाहिलं तर काका तिच्याभोवती काहीतरी गुंडाळत होते. नायलॉनची दोरी. कमरेवरून तीन फेरे, बैठकीच्या मागून, आणि शेवटी अशी गाठ की कालव्याची दारं तिनं धरून ठेवावीत.

“काका, हे काय?”

“पडायला नको म्हणून.”

“काका,” ती मुलगी म्हणाली, “मला पडायचंय.”

काका दोरी हातात धरून तसेच राहिले. ताईंनी समजावलं. होडीत माणसाला कधीही बांधायचं नसतं. होडी उलटली तर बांधलेला माणूस पाण्याखाली डोकं करून होडीसकट लटकतो. न बांधलेला बाहेर पडतो आणि जॅकेट त्याला वर आणतं. पट्टा लागलाच तर एका झटक्यात सुटणारा. म्हणून वल्हं हातात देण्याआधी प्रत्येकाला कंबरभर पाण्यात मुद्दाम एकदा उलटं पाडतात. शेजारी दोघं उभे असतात, पण ते हात मागे बांधून. तो माणूस स्वतः बाहेर येतो, खोकतो, हसतो, शिव्या देतो. मग तो नावाडी.

मुलीला पाडलं. ती वर आली. नाकातोंडात खारं पाणी गेलं होतं आणि ती ओरडत होती, “परत!” काकांनी दुसऱ्या वेळी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या वेळी त्यांना धाप लागली. पाण्यात ती होती. धाप काठावर लागत होती.

त्यांना होड्यांपासून दूर ठेवणं भाग होतं. ताईंनी त्यांना दुसरं काम दिलं. पाण्यात जाणाऱ्यांचे कृत्रिम पाय काठावर काढून ठेवलेले असतात, ते सांभाळायचे. काकांनी विचारलं, “लेखी आदेश आहे का?” आम्हांला वाटलं रागावले. पण बदली ही गोष्ट त्यांना तोंडी कळत नसावी. ताईंनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर ‘काका : पाय विभाग’ असं लिहून सही केली. काकांनी तो पुठ्ठा वाचला, घडी घालून पाऊचमध्ये ठेवला आणि ते रुजू झाले.

पुढच्या दोन तासांत त्या किनाऱ्यावर जे उभं राहिलं, ते मी तरी कुठल्या स्पर्धेत पाहिलेलं नाही. काकांनी ताडपत्री अंथरली, तीवर पाय एका ओळीत निजवले, वर ओले टॉवेल टाकले. आवक-जावक रजिस्टर सुरू केलं. ‘आवक क्र. ३. उजवा. गुडघ्यावरचा. धातूचा, गुडघ्यात हायड्रॉलिक. सोबत मोजा, बूट एक.’ देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखी टोकनं केली, पुठ्ठ्याची, सुतळी ओवलेली, मनगटाला बांधायची. ज्यांच्या पायात महागाचा यांत्रिक गुडघा होता, त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. खारं पाणी आणि रेती या दोन्हींचं त्या गुडघ्यांशी वैर. एक परभणीचे शेतकरी मात्र पाय न काढताच पाण्याकडे निघाले. त्यांचा जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. पी. के. सेठींनी बनवलेला तो पाय रबराचा. चिखलात, पाण्यात, अनवाणी चालायचं आणि उकिडवं बसायचं, हे मनात धरूनच केलेला. काकांना हे पटलं, पण आवडलं नाही. त्यांनी रजिस्टरात नोंदवलं, ‘एक पाय जमा करण्यास मालकाचा नकार.’

एकच गोष्ट त्यांनी अतिउत्साहात केली. माणूस बाहेर येताक्षणी पाय हाती द्यावा म्हणून ती सगळी ओळ अगदी पाण्याच्या कडेला मांडली. सकाळी ओहोटी होती. होडीवाला जाता जाता म्हणाला, “काका, आज पंचमी. पाऊणपट करा.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब, पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे तोवर पाणी चढतच राहणार. पण काका पाटबंधारे खात्याचे. ऐकीव माहितीवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी एक काठी रोवली, तिच्यावर चाकूनं खुणा केल्या आणि दर पाव तासाला पातळी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहू लागले. दिवसभरात पायांची ओळ तीनदा वर सरकली. एकाही पायाला पाणी लागलं नाही. प्रत्येक वेळी नोंद : ‘स्थलांतर. कारण : भरती.’ शेवटच्या स्थलांतरात ती थेट माडांच्या सावलीत गेली, आणि काकांनी वर पाहून ती पुन्हा दोन हात बाजूला घेतली. नारळ पडतात.

हे सगळं चाललेलं असताना काकांनी कुणालाही हात लावला नव्हता. वेळच नव्हता.

दुपारी सोलापूरचा एक पोरगा कुबड्यांवर आला. दिवसभर वल्हवून दमलेला, ओला, भुकेला.

“टोकन?” काका म्हणाले.

“पाण्यात गेलं, काका.”

“मग पाय कसा देणार?”

“माझाच आहे की.”

“असं कुणीही म्हणेल.”

“कुणीही कशाला म्हणेल? ज्याचा त्याला बसतोय.”

“ओळखीचा पुरावा?”

पोरानं उरलेला पाय पुढे केला. “ह्याचा जोडीदार.”

काकांनी वाकून दोन्हींची तुलना केली. “त्याच्यात बूट आहे. ह्याच्यात नाही.”

“बूट घालून कोण पाण्यात जातं, काका?”

होडीवाला मध्ये पडला. “अवो, पाय तेचोच. दुसऱ्याचो घेवन तो करतलो काय?” काकांनी त्याची साक्ष नोंदवून घेतली, पण साक्षीदार मालकाला आजच भेटला आहे, असा शेरा मारला. ताईंना बोलावून निर्णय घेऊ म्हणाले. ताई पलीकडे कुणाला तरी उलटं पाडत होत्या. पोरगा वैतागून हसला. “राहू दे तुमच्याकडंच. लई भूक लागलीया.” आणि कुबड्या टाकत होडीवाल्याबरोबर जेवायला गेला.

खरं सांगायचं तर मला काकांचा राग आला होता. बसमध्ये बसल्यावर ताईंना तसं म्हणालेही. ताई म्हणाल्या, “गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी माझी खुर्ची कुणीतरी ‘बाजूला ठेवली’ होती. दीड तास सापडली नाही. सगळे मदत करणारे होते.”

पाच वाजता काकांनी हिशेब लावला. आवक सात, जावक सहा. उरलेला एक बस सुटायच्या वेळेला त्यांच्या काखेत होता. नियमानं तो ताईंकडे जमा करून पावती घ्यायची आणि मोकळं व्हायचं. काका दोनदा बसच्या पायरीपर्यंत आले आणि दोनदा परत गेले. मग पाय काखेत, रजिस्टर हातात, शिट्टी गळ्यात, असे ते देवबागच्या वाटेला लागले. मीही गेले मागोमाग. बस आमच्यासाठी थांबणारच होती. वाटेत एका बाईनं गडग्यावरून विचारलं, “कोणाचो ओ?” काका म्हणाले, “तेच पाहतोय.” तिनं न विचारता होडीवाल्याचं घर दाखवलं.

पोरगा ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढीची वाटी. हा बहुधा दुसरा भात असावा. उजवा हात मनगटापर्यंत लाल. काका उंबऱ्याबाहेर थांबले. आत यायला कुणी सांगेपर्यंत थांबले, हे मी मुद्दाम पाहिलं.

“या की काका,” पोरगा म्हणाला. “ठेवा तिकडं कोपऱ्यात. आन् बसा, दोन घास खावा.”

काकांनी पाय कोपऱ्यात टेकवला, बूट भिंतीकडे, मोजा नीट केला. मग रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं.

“आधी सही.”

“हात बरबटलाय, काका.”

काकांनी पाऊचमधून शाईचं पॅड काढलं आणि झाकण उघडलं. “अंगठा चालेल. पुरुषांचा डावाच घेतात.”